मशीन चालू असताना मोजायचं

अप्पा,

सोमवारी अव्वाला, तुमच्या बायकोला, ट्रेडमिलवर चालवलं. हसू नका. छातीला वायरी चिकटवलेल्या, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा असा घट्ट धरलेला की जणू एसटीत उभी आहे आणि ड्रायव्हरवर तिचा काडीचा विश्वास नाही. तिथल्या पोरीनं वेग वाढवला तेव्हा अव्वा तिला म्हणाली, बाई, मला नेऊन सोडायचंय तरी कुठं? पोरगी हसली, डॉक्टर हसले, मीही हसले. रिपोर्ट चांगला आला. घामेजलेली, खूश होऊन ती ऑटोत बसली, आणि वजिराबादच्या गर्दीत ऑटो अडकला असताना एकदम माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुझ्या अप्पाचंबी असं चालवून बघितलं व्हतं का गं?" अकरा वर्षांत तिनं हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. असली काही मशीन असते हेच तिला माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं. काय दिलं ते लिहिते, पण आधी बाकीचं लिहू द्या, नाहीतर ते लिहायचं राहून जाईल आणि मी नेहमीसारखी उठून कामाला लागेन.

आयटीआयमधून पास होऊन आले तेव्हा तुम्ही पेढे आणले नव्हते, आठवतं? आमच्या बॅचला एसीच्या ट्रेडची मी एकटी मुलगी. उदगीरच्या काकांनी तर फोनवर विचारलं होतं की आता ही पोरगी लोकांच्या माळवदावर चढणार का. तुम्ही म्हणालात, माळवद आता कुठं राहिलंय, स्लॅब आहे, चढू द्या. मग आपला व्होल्टेज मोजायचा मीटर माझ्या हातात ठेवलात. नवा नाही, तुमचाच, वीस वर्षं वापरलेला, अक्षरं पुसलेली. मला नव्याची हौस होती, तोंड वाकडं केलं असणार. तुम्ही म्हणालात की नवा मीटर खरं बोलतो की खोटं हे कळायलाच वर्ष जातं, हा निदान खोटं बोलत नाही एवढं मला ठाऊक आहे. अव्वानं त्याला तुमच्या जुन्या खाकी पॅन्टची पिशवी शिवून दिली, आत वायरींसाठी एक कप्पा, आणि मागे एक चोरकप्पा. पुढे तुम्ही स्वतःसाठी नवा मीटर घेतला आणि जन्मभर त्याला शिव्या घातल्या.

तुमचं छतावरचं पहिलं काम मात्र मीटरचं नसायचं. एसीच्या कपाटाएवढ्या त्या मशीनचं दार उघडण्याआधी तुम्ही गळ्यातली लिंगाची चांदीची करंडी धरायचात, कपाळाला लावायचात, आणि दोऱ्यासकट फिरवून शर्टाच्या आत पाठीवर टाकायचात. वाकलं की करंडी पुढे लोंबते, आणि चांदी चालू तारेला लागली तर माणूस जागेवर जाणार. काढून खिशात ठेवा म्हणून किती गिऱ्हाइकांनी सांगितलं असेल. अंगावरचं लिंग जिवंतपणी उतरवायचं नाही, आणि पोटाचं कामही सोडायचं नाही, म्हणून तुम्ही हा मधला मार्ग काढला होता. काम संपलं, दार लावलं, स्क्रू आवळले, की करंडी परत छातीवर. मी लांबून बघूनही सांगू शकायचे की तुमचं काम चालू आहे की झालंय.

आता लातूर. मी टाळत होते, पण त्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. कापडाच्या त्या तीन मजली दुकानाच्या छतावर चार मशिनी होत्या. त्यातली एक सुरू व्हायची, दहा-पंधरा मिनिटं चालायची आणि बंद पडायची. तुम्ही मला एकटीला पाठवलंत. मी सकाळची एसटी धरून गेले, मे महिन्यातल्या उन्हात छतावर चढले, मशीन बंदच होती, ती तशीच ठेवली आणि येणाऱ्या लाइनवर मीटर लावला. तीन फेजांच्या तीन जोड्या, तिन्हींत चारशे पंधराच्या आसपास, देखणं व्होल्टेज. मला वाटलं, लाइन उत्तम आहे, म्हणजे जास्त करंट झाला की मशीन बंद पाडणारी ती रिले बिघडली असणार. रिले बदलली, नवी लवकर पडू नये म्हणून थोडी ढिलीही लावली. वहीत लिहिलं, व्होल्टेज ठीक. दुकानदारानं उसाचा रस पाजला. मी खिडकीजवळच्या सीटवर बसून, आपण आता मिस्त्री झालो अशा तोऱ्यात घरी आले. तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर जळला.

तुम्ही रागावला नाहीत, हेच मला लागलं. नवा कॉम्प्रेसर बसवलात, घाम पुसलात आणि मला म्हणालात, आता मशीन चालू कर आणि मग मोज. मी मोजतेय, आणि मीटरवरचे आकडे माझ्यासमोर खाली येताहेत. एका जोडीत चारशे बारा, पण बाकी दोन्ही चारशेच्या खाली. मग तुम्ही मला उलट्या पावली नेलंत, मशीनपासून मेन स्विचपर्यंत, प्रत्येक जोडापाशी थांबत. स्विचच्या एकाच फेजच्या दोन टोकांना मीटरच्या दोन्ही पिना लावायला सांगितल्यात. तिथं जवळपास शून्य दिसायला हवं होतं, कारण तार तीच, मधे फक्त स्विच. दिसले बावीस व्होल्ट. लाइन पाडून उघडलं तर आतलं टोक काळं ठिक्कर, स्क्रू ढिला, अॅल्युमिनियमची तार जळून ठिसूळ झालेली. करंट वाहत नव्हता तोवर त्या ढिल्या जोडाचं काहीच बिघडत नव्हतं, म्हणून मला काही दिसलं नाही. मशीन चालली की व्होल्टेज पडून करंट वाढायचा, जुनी रिले मशीन बंद पाडून तिला वाचवत होती, आणि मी तिच्या जागी ढिली लावून आले होते. तुम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलात आणि एवढंच बोललात, "बंद मशीनला काय इचारून राहिलीस माय? ती बरंच हाय म्हणंल. तिच्यावर भार टाक, मंग इचार."

त्या दिवसापासून आपल्या दोघांच्या वह्यांत उभी रेघ आली. डावीकडे बंद असताना, उजवीकडे चालू असताना. उजवी बाजू रिकामी असेल तर काम झालं असं म्हणायचं नाही. तुम्ही माझी वही रोज बघायचात, आणि मी चोरून तुमची बघायचे की कुठे सापडतात का. नाही सापडलात.

दोन वर्षांनी, एप्रिलच्या सुरुवातीला, मंगल कार्यालयाचा जिना चढताना तुम्ही तिसऱ्या मजल्यावर भिंतीला हात लावून उभे राहिलात. म्हणालात, पित्त झालंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी तुम्हाला ओढत दवाखान्यात नेलं. तुम्हाला खाटेवर निजवून ईसीजी काढला, छान आला. तुम्ही शर्टाची बटणं लावत बाहेर गेलात, कारण वेटिंग रूममधला एसी ठिबकत होता आणि तुम्हाला ते बघवत नव्हतं. डॉक्टर मला आत म्हणाले की निजलेल्या माणसाचा ईसीजी चांगला आहे, पण यांना दम जिन्यावर लागतो, म्हणून ट्रेडमिलवर चालवून बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. याच आठवड्यात करा, तोवर जिना बंद. चिठ्ठी लिहून दिली. मी तिथे उभी आहे, हातात चिठ्ठी, खांद्याला तुमच्या मीटरची पिशवी, आणि काचेतून तुम्ही दिसताय, खुर्चीवर चढून एसीचं झाकण काढताय, नर्स खाली ओरडतेय.

मी तेव्हा काय विचार केला ते लिहिते, रंगवून नाही लिहीत. लग्नाच्या तिथी सुरू होत्या. लातूरची सगळी कामं माझ्याकडे, नांदेडची तुमच्याकडे. तुमचा जिना बंद म्हणजे निम्मी कामं बंद, आणि इतक्या वर्षांनी लोक आता कुठे मला एकटीला बोलवायला लागले होते. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं वाटलं. मला तुमचे पाय हवे होते, अप्पा. खरं कारण एवढंच आहे, दुसरं कितीही शोधलं तरी सापडत नाही. चिठ्ठीची घडी घालून मी पिशवीच्या चोरकप्प्यात टाकली आणि बाहेर येऊन सांगितलं की सगळं चांगलं आहे. जिन्याचं मी बोललेच नाही.

बाराव्या दिवशी मी लातूरच्या एका छतावर होते. सकाळचे साडेअकरा. कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला, आणि तो वाक्य पूर्ण करेना. मी हत्यारं तिथेच टाकून निघाले, साडेतीन तास गाडीत बसून आले. तुम्ही मशीनला टेकून बसलेले सापडला होतात, पाय लांब करून. मशीन चालू होती. खाली लग्न लागलं होतं, वऱ्हाड गार हवेत जेवत होतं, आणि कुणी वर आलं ते तुम्हाला चहाला बोलवायला. वही मांडीवर होती. डाव्या बाजूला बंद असतानाचे आकडे. उजव्या बाजूला, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, चारशे नऊ, चारशे अकरा, चारशे आठ. तिन्ही फेज चांगले. एवढं चांगलं काम करून गेलात, आणि मला त्या आकड्यांचा इतका राग आला की मी वही भिरकावली.

दुसऱ्या दिवशी गावी, समाधीच्या खड्ड्यात तुम्हाला बसवलं तेव्हा स्वामींनी करंडी शोधली, लिंग काढून तुमच्या डाव्या तळहातावर ठेवायला. ती छातीवर नव्हती. काका म्हणाले, पडताना सरकली असेल. सरकली नव्हती. ती कशी आणि का मागे गेली हे तिथे फक्त मला माहीत होतं. तुमचं काम अजून व्हायचं होतं, दार लावायचं होतं. मी खाली उतरले, कुणी बाईमाणूस म्हणून अडवलं नाही, तुमच्या कॉलरीत हात घातला आणि दोरा फिरवून करंडी पुढे आणली. तुमची पाठ गार होती. तो गारवा माझ्या बोटांतून अजून गेलेला नाही.

अव्वा तेव्हापासून माझीच समजूत घालते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीनं वेळेत दाखवलं होतं हो, डाक्टरनंच बरं हाय म्हणलं, तिनं तरी काय करावं. मी त्या खोलीतून उठून जाते. लोकांना वाटतं, मला तुमचा विषय सहन होत नाही.

आणि एक गोष्ट मी वर लिहिताना गाळली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तुम्ही ऑटो थांबवलात, पण लगेच बसला नाहीत. अव्वाच्या पदराला हात पुसायच्या तुमच्या जुन्या खोडीनं माझ्या ओढणीला हात पुसलात, एसीचं पाणी होतं ते, आणि मिशीतल्या मिशीत हसत विचारलंत, "पण निजवूनच बघितलं की गं त्यांनी. भार टाकून बघायचं न्हाई का?" तुम्ही थट्टा करत होता, असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगतेय. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, वही तपासताना बघायचात तसं. मी म्हणाले, "बघितलं अप्पा. सगळं बघितलं." तुम्ही मान डोलावलीत. माझ्या वहीवर तुमचा विश्वास होता.

सोमवारी अव्वालाही मी तेच सांगितलं. हाव, चालवून बघितलं होतं. ती म्हणाली, मंग झालं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटून बसली.

आज तिला खरं सांगायचं म्हणून लिहायला बसले होते, आधी तुम्हाला सांगून बघावं म्हणजे जीभ वळेल. नाही वळणार. हा कागदही घडी घालून त्याच चोरकप्प्यात जाईल, त्या चिठ्ठीशेजारी. पिशवी एका बाजूनं उसवलीय, वर्ष झालं. अव्वा सुई-दोरा घेऊन दर दोन-चार दिवसांनी मागते, आण गं, दोन टाके घालते, मीटर पडंल एखाद्या दिशी. मी तिला पिशवी देत नाही.