तुमच्या वाटणीचा सिगार

नाना, तुमच्या नातवानं तुमच्यासाठी सिगार आणला होता. तो बोटीवर नोकरी करतो, आणि सुट्टीवर येताना कुठल्या ना कुठल्या बंदरातून काहीतरी घेऊन येतो. या खेपेला पातळ लाकडी डबीत एकच सिगार होता, अंगठ्याएवढा जाड, त्याला सोनेरी कागदाची पट्टी. म्हणाला, "आई, आजोबा असते तर त्यांना दिला असता. हा भारी का नुसता महाग, ते त्यांनीच सांगितलं असतं." तुम्हाला त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही. भिंतीवरचा फोटो आणि माझ्या गोष्टी, एवढीच त्याला तुमची ओळख. तो परत गेला आणि डबी फडताळात राहिली. तुमचे जावई गेल्यापासून मी इथे संगमनेरातच असते, आईजवळ.

आईचं सांगायचं तर ती जेवत नाही. दुखणं असं काही नाही, विसर पडलाय. मला कधी ओळखते, कधी शेजारची समजते, पण तुम्ही कामावर गेला आहात हे मात्र तिच्या पक्कं लक्षात आहे. ताट पुढं केलं की ती हातानं सारते आणि म्हणते, "ते आल्यावर जेवते." एकदा मी सांगून पाहिलं, "आई, नाना गेले गं, लई वर्सं झाली." तर ती अशी रडली की जणू तुम्हाला आत्ताच नेलं. थोड्या वेळानं ते विसरली आणि पुन्हा दाराकडे बघायला लागली. त्यानंतर मी ते कधी बोलले नाही. डॉक्टर म्हणतात, गोडीगुलाबीनं जाईल ते घाला. पण गोडीगुलाबी हा आपल्या घरातला प्रकार नव्हता, नाना. ती तिला कुठून ओळखीची वाटणार?

तुम्ही विडी कारखान्यात चेकर होतात. गावातल्या बायका घरी वळलेल्या विड्या दुपारी टोपलीतून आणायच्या आणि तुमच्या फळीपुढे रांग लागायची. तुम्ही विड्यांचा बांधलेला कट्टा उचलायचात, विडी दोन बोटांत दाबून बघायचात, कानाशी धरून कुरकुर ऐकायचात, मधूनच एखादी पेटवायचात. सैल, पोकळ, तोंड नीट न मिटलेली, अर्ध्यात विझणारी, ती छाट. आणि छाटलेली विडी तिथेच चुरगाळायची, म्हणजे कुणी ती परत कट्ट्यात सरकवणार नाही. त्याच रांगेत आई उभी राहायची. जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं, तुमच्याकडे सगळंच उलटं. आळीत सगळ्यात नेटकी विडी आईची, हे इतर बायकाच म्हणायच्या. आणि तुम्ही सगळ्यात जास्त तिचीच छाटायचात. मी तिच्या पदराला धरून उभी आहे, तुम्ही मूठभर विड्या चुरगाळून खाली टाकताय, आणि मागून एक म्हातारी बोलते, "अवं, घरच्या मान्साला तरी सोडा की!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "घरची हाय म्हनून तर आदी बघायची." आई टोपली उचलते. तिच्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटते.

त्या संध्याकाळी ती भाकरी थापत होती. तुम्ही येऊन पाटावर बसलात, तशी चुलीकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, "आज किती छाटल्या?" तुम्ही म्हणालात, "भाकर वाढ." तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच सवाल आणि हेच उत्तर. मला वाटायचं, एक दिवस तुम्ही सांगाल. किती ते तिला माहीतच होतं, तिला आकडा कुठे हवा होता. शेवटच्या दुखण्यात ती तुमची पाठ चोळत होती आणि तेव्हाही तिनं विचारलं, थट्टेनंच. तुम्ही हसलात, हसण्याचा खोकला झाला, आणि उत्तर राहूनच गेलं. मला तुमचा राग येतो, नाना. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण येतो.

गेल्या रविवारी आई दुपारची पडली होती. म्हटलं, पोरानं एवढ्या मायेनं आणलंय, तुमच्या बदली आपण तरी बघावं. मागच्या पडवीत बसले आणि दार लावून घेतलं. साठीला आलेली बाई तोंडात सिगार धरून बसली हे शेजारणीनं पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत अकोल्याला कळलं असतं. डबीत एक कार्ड होतं, ते पोरानं जाताना समजावून दिलेलं. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. घाई करायची नाही. आधी देवदाराची चव लागते, मग कोकोची, शेवटी चामड्याची आणि मिरीची. लिहिणारा नाकानं कांदे सोलणाराच असावा. मी आधी तुमच्या रीतीनं पाहिलं. दाबला, तर कुठे पोकळ नाही, बोट उचललं की जागेवर येतो. कानाशी धरला तर गप्प. विडी कुरकुरायला हवी, हा मात्र आतून ओलसर असावा लागतो म्हणे. मग न पेटवताच नाकाशी नेला आणि हात तिथेच राहिला. तो तुमच्या सदऱ्याचा वास होता. विडीच्या धुरात जळक्या पानाचा वास पुढे असतो, तंबाखू मागे. शेजारचे काका रोज विड्या ओढतात, आई ढुंकून बघत नाही. पण तुमचा सदरा कारखान्याच्या गोदामातून यायचा, त्याला नुसत्या तंबाखूचा वास असायचा, उबदार, जरा गुळासारखा. मी तो विसरले आहे असं इतकी वर्षं समजत होते.

आईच्या जुन्या कातरीनं टोक कापलं आणि पेटवला. पहिल्या झुरक्याला ठसका लागला. मग जमलं. देवदार मी कुठे चाखलाय, मला भाजल्या शेंगदाण्याच्या फोलपटाची चव लागली, मग कडू कॉफीची, मग नव्या वहाणेसारखं काहीतरी. राख पांढरी, आणि गळता गळत नाही, ती तुम्हाला आवडली असती. धूर एकसारखा येत होता, त्यालाही सदऱ्याचा तोच वास होता, जिभेला चटका नव्हता. निम्म्यावर येऊन तो विझला. कार्डात लिहिलंय, विझला तर खुशाल पुन्हा पेटवा, त्यात सिगारचा दोष नाही. मी काडी हातात धरून बसले. मी लहानपणी पहिली विडी वळून तुमच्याकडे धावत आणली होती. तुम्ही दाबलीत, कानाशी धरलीत, पेटवलीत. ती विझली. "इझली. छाट," म्हणालात आणि चुरगाळलीत. परत पेटवून बघायची असते हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? मी काडी ओढली आणि सिगार पुन्हा पेटवला. तो नीट चालला.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अवं, आले का?" खणखणीत, चुलीपुढचा आवाज. धूर दाराच्या फटीतून आत गेला होता. मग तिनं विचारलं, "आज किती छाटल्या?"

मी दार उघडलं नाही. आवाज जाड करून तिथूनच म्हणाले, "एकबी न्हाई."

"एकबी?"

"एकबी न्हाई."

"मंग हे सांगाया इतकं का जड जात हुतं?" ती म्हणाली. मग मला हाक मारली, पोरी म्हणून. "ताट घे. त्यांना आदी वाढ." मी दोन ताटं घेतली. तुमच्या रिकाम्या पाटाकडे बघत तिनं दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. कधी नव्हे ते बोटं चाटली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तो थोडा पेटवते, धूर आत जाऊ देते आणि विझवते. ती विचारते, मी सांगते, ती जेवते. आता बोटाच्या पेराएवढा उरलाय. पोराची सुट्टी लांब आहे, आणि दुसरा आणला तरी त्याला हाच वास असेल कशावरून? हा संपल्यावर ती पुन्हा दाराकडे बघत बसेल आणि मला काही करता येणार नाही. हे पत्र मी रिकाम्या डबीत घडी करून ठेवणार आहे, तुम्हाला पाठवायचं कुठे?

आणि एक. आईसाठी म्हणून मी तुमचा आवाज काढते, हे पुरतं खरं नाही. रोज "एकबी न्हाई" म्हणताना मी माझी ती पहिली विडीही त्यातच धरते.