विहीणबाईंना, दुधाच्या डब्याबद्दल

आदरणीय विहीणबाई,

तुम्हाला साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आठांपैकी चारच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली मनाने टेकली असं समजावं.) तुमच्या खांद्याचं दुखणं उतरलं असेल, व्याह्यांना नव्या कानयंत्रातून ऐकू येऊ लागलं असेल, आणि ऐकू येऊनही त्यांचा स्वभाव होता तसाच शांत राहिला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे हे बरे आहेत. मी बरी आहे असं लिहायला हात धजत नाही, पण पहिल्याच ओळीत रडगाणं नको.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? त्याचं असं आहे, फोनवर मी सुरू झाले की समोरच्याला सवड मिळत नाही. (आमचे चिरंजीव म्हणतात, आईला फोन लावायचा तर आधी पाणी पिऊन घ्यावं.) पत्राचं बरं असतं, कंटाळा आला की घडी घालून ठेवता येतं. शिवाय सूनबाई बाळाला घेऊन तुमच्याकडे आल्यापासून मी कितीदा तरी फोन लावला आणि तुमचा ‘हॅलो’ ऐकला की ठेवून दिला. ते नुसत्या श्वासाचे फोन माझेच. व्याही पोलिसांत कळवायचं म्हणत असतील तर कृपा करून त्यांना थांबवा.

लेकीने तुम्हाला तिची बाजू सांगितलीच असेल. ती खरी आहे. माझी बाजू काही वेगळी नाही, फक्त लांब आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, मी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला. शेजारी बसायचं, समोर बघायचं आणि बोलत राहायचं. ‘आरशात बघा, क्लच सोडा, हळू, हळू म्हटलं ना!’ शिकणारा रडकुंडीला आला तरी आपण थांबायचं नाही, कारण थांबलं तर तो भिंतीवर जातो. गुडघ्याने दगा दिला आणि मी घरी बसले. आता घरी बसलेल्या शिकवणाऱ्या बाईने करावं काय? ह्यांचं सोफ्याच्या गाद्या शिवायचं दुकान घराच्या खालीच. मी खाली जाऊन त्यांना टाके कसे घालावेत हे सांगू लागले. हे आयुष्यभर सोफे शिवत आलेले, पण एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटी एकदा तोंडातली सुई काढून म्हणाले, “तू काहीतरी शीक गं. शिकताना माणसाला गप्प बसावं लागतं.” (बिचाऱ्यांची आशा.)

तेवढ्यात सूनबाईंनी गोड बातमी दिली, आणि मला संगणकावर ती जाहिरात दिसली : घरबसल्या शिका, स्तनपान सल्लागार व्हा. मी नाव नोंदवलं. लोकांना वाटलं, नातवंडाच्या हौसेने. ते खरं, पण अर्धंच. चिरंजीव झाले तेव्हा माझ्या अंगावर त्यांना पिता येईना. ते रडायचे, मी रडायची, आणि सासूबाई दारातून म्हणायच्या, “हिला दूधच नाही.” मग कोणीतरी बाटली आणली, बाळ माझ्या हातातून घेतलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाळ वाढलं, ताडमाड झालं, त्याला त्या बाटलीने काही कमी पडलं नाही. पण त्या खोलीत माझ्याजवळ कोणी टेकलं नाही, ते राहून गेलं. आपल्या घरात पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं. विहीणबाई, हेतू चांगला असला की माणूस कुणाचं ऐकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

वर्गात सगळ्या तरुण परिचारिका आणि सुईणी. चौकोनी खिडक्यांत त्यांचे तजेलदार चेहरे, आणि एका खिडकीत मी, निम्मी. (कॅमेरा कपाळाकडे वळलेला होता. महिनाभर त्या मला माझ्या भांगावरून ओळखत.) बाईंनी सांगितलं, सरावासाठी कापडाचा स्तन शिवून घ्या. मी हे काम ह्यांच्यावर सोपवलं. त्यांनी उरलेल्या लाल मखमलीचा असा देखणा शिवला, की एका गिऱ्हाइकाने त्याची किंमत विचारली. पण शिवण्याआधी हे कात्री हातात घेऊन माझ्या खोलीत आले आणि मोठ्याने म्हणाले, “अगं, हा फोमने भरू की कापसाने?” माझा माइक चालू होता. बाई शांतपणे म्हणाल्या, “कापसाने. फोम फार टणक होतो.” आणि ज्या दिवशी मी तो अभिमानाने कॅमेऱ्यासमोर छातीशी धरला, त्या दिवशी कळलं की ह्यांनी सवयीने त्यात टाचण्या खोचून ठेवल्या होत्या. वर्गाला त्या दिवशी वेदना म्हणजे काय ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

बाळ म्हणून मी पिठाची पिशवी घेत असे, टोपरं घालून. आडवं धरायचं कसं, काखेतून धरायचं कसं, डोक्याला आधार कुठे द्यायचा, सगळं पिठावर पक्कं केलं. लेखी परीक्षेत मी पहिली आले. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मला वाटू लागलं की जगातल्या सगळ्या आया माझी वाट बघताहेत. दुकानात रांगेत एक मुलगी बाळाची गाडी घेऊन उभी होती, हातात दुधाच्या पावडरीचा डबा. मी तिला अंगावरच्या दुधाचे फायदे पैसे भरायच्या खिडकीपर्यंत सांगितले. ती शेवटी म्हणाली, “काकू, मी त्याला सांभाळायला आहे. त्याची आई कामावर गेलीय.” तरी मी म्हटलं, “तिला निरोप द्या.”

मग आपली नात आली. पुढचं लिहिताना पेन जड होतंय.

तिला तोंडात नीट धरता येत नव्हतं. सूनबाईंना चिरा पडल्या होत्या, बाळ लागलं की पायाची बोटं आवळून घ्यायच्या. आणि मी? मी बाजूला उभी. बसलेसुद्धा नाही. ‘हनुवटी आधी! नाक मोकळं! खांदे सैल सोड, सैल म्हटलं ना!’ आवाज तोच, गाडीतला. बाळ घाबरून तोंड सोडायचं, की मी म्हणायची, ‘पुन्हा.’ एकदा सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आई, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. तुम्ही फक्त तिथेच बघता.” मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “पाठ ताठ ठेव.”

बाळाचं वजन भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर पाजत राहा, पण वजन धरेपर्यंत थोडं वरचं दूध द्या. साधी गोष्ट. आमच्या अभ्यासातही तेच लिहिलं आहे, मी त्यावर पूर्ण गुण मिळवले आहेत. पण चिरंजीवांनी तो डबा ओट्यावर ठेवला आणि मला एकदम ती जुनी खोली आठवली. मी तो उचलून वरच्या फळीवर मोठ्या पातेल्यामागे ठेवला. लपवला नाही हो. ‘समोर दिसला की हात जातो’, असं स्वतःला समजावलं. (बाईमाणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकते, मुभा असते.)

त्या दुपारी चिरंजीव कामावर, हे दुकानात आणि माझा वर्ग. दार लावलेलं, कानांवर ते मोठे हेडफोन. बाळ भुकेने रडू लागलं. सूनबाईंनी डबा शोधला, सगळी कपाटं उघडली. मग माझं दार वाजवलं. मला ऐकू आलं नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा मला डोळ्याच्या कोपऱ्यातून सावली दिसली, आणि मी न वळता हात वर केला, थांब म्हणून. वाहतूक पोलीस करतो तसा. बाई त्या वेळी फार महत्त्वाचं सांगत होत्या, आणि मी ते उतरवून घेत होते. त्या दिवसाचा विषय होता, आईचं ऐकून कसं घ्यावं.

वर्ग संपवून बाहेर आले तर घर गप्प. सगळ्या कपाटांची दारं उघडी. हे जिन्यात उभे. म्हणाले, “टॅक्सी बोलावून गेली.” मी विचारलं, “काही म्हणाली?” तर म्हणाले, “डबा कुठाय विचारत होती. मला तरी कुठे माहीत होतं?” आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर रागावले, तेही न ओरडता, आणि इतके की संध्याकाळपर्यंत शिवणयंत्राचा आवाज आला नाही. मी स्टूल घेऊन तो डबा खाली काढला आणि ओट्यावर ठेवला. आता तिथे ठेवून उपयोग काय होता, तरी ठेवला.

पुढे माझी तोंडी परीक्षा होती. बाईंनी पडद्यावरून विचारलं, “तुम्ही ज्या आईला मदत केलीत तिच्याबद्दल सांगा.” मी थापा मारू शकले असते. पण तोंड उघडलं आणि सगळं खरंच बाहेर आलं, पातेल्यासकट. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. (तेव्हा जाणवलं, ऐकून घेणं म्हणतात ते हे.) शेवटी त्यांनी एकच विचारलं, “ती जेवत होती का वेळेवर?” विहीणबाई, बाळाने किती घेतलं, किती ओकलं, लंगोट किती ओले झाले, हे मी झोपेतही सांगितलं असतं. माझ्या घरातली ती पोर काय खात होती, हे मला सांगता आलं नाही.

नापास केलं नाही त्यांनी. इथल्या प्रसूतिगृहात बाळंतिणींच्या खोलीत बसायला पाठवलं. अट एकच, आपण होऊन बोलायचं नाही. (ह्यांनी ही बातमी दुकानात सांगितली. दोन गिऱ्हाइकांनी त्यांचं अभिनंदन केलं.) मी उशा देते, पाण्याचे पेले भरते, खुर्चीत बसते. पहिल्या आठवड्यात जीभ चावून चावून दुखली. परवा एक बाई बाळाला घेऊन खूप वेळ झगडत होती. मला तिची चूक दिसत होती, अगदी ढळढळीत. मी नुसती जवळ बसले. ती म्हणाली, “तुम्हाला कंटाळा आला असेल.” मी मानेनेच नाही म्हटलं. मग ती तिच्या नवऱ्याबद्दल बोलली, भाड्याच्या घराबद्दल बोलली, रडली, आणि बोलता बोलता मागे टेकली. बाळ आपलं आपणच लागलं. मी काहीही केलं नाही. घरी येऊन मी जी रडले, ती त्या बाळासाठी नाही.

चिरंजीव सांगतात की तुमच्याकडे आल्यापासून बाळ अंगावरही पिऊ लागलंय, वरचं दूधही घेतं, गाल वर आलेत. ऐकून इतका आनंद झाला, आणि आनंदाच्या आत कुठेतरी टोचलंही, की माझ्याशिवाय जमलं. ते खोटं लिहिणार नाही. तुमच्या घरातली शांतता तिला मानवली. तुमच्यासारखी समंजस आई तिच्या पाठीशी आहे, कुठे बोलावं आणि कुठे बाजूला व्हावं हे जाणणारी, यात तिचं भाग्य आहे. माझ्याकडून तुमच्या लेकीला जे सोसावं लागलं त्याची मी क्षमा मागते. तिने परत कधी यावं हे तीच ठरवेल. मी विचारणार नाही.

तुमची, बोलून चुकलेली,
विहीण

ता. क. हे पत्र ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, “झकास. पण सूनबाई कशी आहे, हे विचारलंच नाहीस.” मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. खरंच नाही. तुमचा खांदा विचारला, व्याह्यांचे कान विचारले. तर विचारते, कशी आहे हो ती?

ता. क. २. पाकीट आणायला उठले आणि सूनबाईंचाच फोन आला. मी फक्त ‘हं’ म्हणत होते, त्यामुळे तिने दोनदा विचारलं, “आई, आहात ना?” डब्याचं ती काही बोलली नाही. म्हणाली, “रविवारी दुपारी याल?” मी हं म्हटलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “आणि आलात की माझ्या आईला घेऊन थोडा वेळ कुठेतरी बाहेर जाल का? बाळाने डोळे मिटले न मिटले तोच ती दारातून विचारते, ‘पोट भरलं का गं? दूध पुरतंय का गं?’ मला तिला सांगता येत नाही. तुम्ही सांगा. नाहीतरी ती तुम्हाला नावं ठेवतेच आहे, त्यात आणखी एक.”

तेव्हा विहीणबाई, वर तुमच्या समंजसपणाबद्दल लिहिलेला मजकूर तूर्त बाजूला ठेवावा आणि रविवारी जेवण उरकून चपला घालून तयार राहावं. आपण दोघी कोपऱ्यावर कुठेतरी चहा घ्यायला बसू. तुम्ही मला हवं तेवढं बोलून घ्या, मी खाली मान घालून ऐकेन. लवकर परतायचं मात्र नाही.

ता. क. ३. आत्ता आठवलं, “माझं नाव घेऊ नका,” असं तिने दोनदा बजावलं होतं. खोडायला गेले तर शाई पसरते आहे.