फोटोतली डावीकडून पाचवी

सोमवार, ७ ऑक्टोबर

म्युझियमवाली जिनेट फोटो ठेवून गेली. १९६३चा, ब्रँडन गावातल्या हॉटेलसमोरचा. मधोमध वेंडेल, सॅक्सोफोन घेऊन, छाती पुढे काढून! जाऊन दोन वर्षं झाली त्याला. आता प्रदर्शन भरवतायत त्याच्यावर, नाव ठेवलंय 'सगळे पुढच्या दाराने'. काळा, युक्रेनी, ज्यू, क्री आदिवासी, सगळ्यांना एका बँडमध्ये घेणारा माणूस. खोटं नाही ते. हॉटेलवाला म्हणाला काळ्यांनी मागच्या दाराने यावं, की वेंडेल सगळ्यांना परत गाडीत बसवायचा. उणे तीस असलं तरी! मी होते ना पियानोवर.

खाली नावं आहेत. डावीकडून पाचवी — 'अनोळखी स्त्री'.

अनोळखी म्हणे! तीन हिवाळे एका पलंगावर झोपलोय आम्ही दोघी. दौऱ्यावर वेंडेल आम्हा दोघींना एकच खोली घ्यायचा.

जिनेट म्हणाली, "स्टेफाबाई, अठराला पाट्या छापायला जातायत. आता तुम्हीच सांगू शकता." मी म्हटलं, त्यात काय, आत्ता सांगते. तोंड उघडलं आणि नाव आलंच नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

राजकन्या. तेवढंच येतंय. सगळे तेच म्हणायचो तिला. वेंडेलनेच ठेवलेलं, पहिल्या दिवशी, हसत हसत. क्री मुलगी, व्हायोलिन वाजवते, मग डोक्याला पिसांची पट्टी बांध आणि हो राजकन्या! पोस्टरवरही तेच. पट्टीने कपाळाला खाज यायची तिला. हे आठवतं. बटाट्याच्या काचऱ्यांवर व्हिनेगर इतकं ओतायची की माझे डोळे चुरचुरायचे, तेही आठवतं. नाव तेवढं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ॲग्नेस, ॲलिस, ॲना, बर्था, क्लारा... सगळी बाराखडी झाली. चहाचं भांडं जळलं. ऑरेस्टला सांगितलं नाही. पोटचा पोरगा असला तरी लगेच वृद्धाश्रमाचे कागद काढेल.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज जिनेट एका बाईला घेऊन आली. कोरिन. साठीची. पेपरात फोटो पाहून ओंटॅरिओहून आलीय. दाराशीच ओळखलं मी. तीच हनुवटी, राजकन्येची!

त्या काळी सरकार आदिवासी बायकांची पोरं उचलून गोऱ्यांच्या घरी देत होतं. हीही तशीच गेलेली, आठ महिन्यांची असताना. तिच्या कागदावर एवढंच आहे, 'आई क्री, विनिपेगमध्ये नाचाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवते.' बस. आईचं नाव असेल तर पुढची फाइल शोधतील, नाहीतर कचेरीतली माणसं खांदे उडवतात. गाव कुठलं, बहिणी आहेत का, आई जिवंत आहे का, मेली असेल तर कुठे पुरली, सगळं त्या एका नावावर अडलंय.

मी बटाटा भरलेल्या पिरोगी वाढल्या. तिने एकही खाल्ली नाही. माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "मावशी, घाई नाही. साठ वर्षं थांबलेय, अजून आठवडा थांबेन." मावशी म्हणाली मला! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चमध्ये मेणबत्ती लावली. देवा, माझा उरलेला मेंदू घे, पण ते एक नाव दे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

ऑरेस्टकडे सणाचं टर्कीचं जेवण. तिथून व्हँकुव्हरला मॉन्टीला फोन लावला. आमचा ड्रमवाला, बँडमधले आता आम्ही दोघेच उरलोय. अर्धा बहिरा झालाय. मी ओरडले, "मॉन्टी, राजकन्येचं नाव काय होतं रे?"

"कुणाचं?"

"राजकन्येचं! व्हायोलिनवाली!"

"अगं, राजकन्याच ना! डोकं फिरलं का तुझं?" आणि खो-खो हसला. मी फोन आपटला. ऑरेस्ट म्हणाला, "आई, आपण डॉक्टरकडे जाऊ या." जाऊ या म्हटलं. एकदाची खात्री तरी होईल.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

जिनेटने जुनी कागदपत्रं उपसली. करारावर वेंडेलची सही. हॉटेलच्या वहीत 'वेंडेल पर्विस आणि मंडळी'. सगळीकडे मंडळी! वेंडेल मेल्या, सगळ्यांना पुढच्या दाराने नेलंस, एक नाव लिहायला काय झालं होतं तुला?

चौसष्टच्या उन्हाळ्यानंतर ती आलीच नाही. आम्ही दुसरा व्हायोलिनवाला घेतला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कोरिनचा फोन. फक्त विचारलं, जेवलात का. नावाबद्दल चकार शब्द नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. फोन ठेवून हमसून हमसून रडले. बाथरूमचा नळ सोडून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दोन तास परीक्षा. घड्याळ काढा, उलटे आकडे म्हणा, गोष्ट ऐका आणि परत सांगा. शेवटी डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, ब्याऐंशीव्या वर्षी असं डोकं मी पाहिलं नाही. काही झालेलं नाही तुम्हाला." ऑरेस्टने मला मिठीच मारली. गाडीत शीळ घालत होता.

मला आनंद का होत नाही? आजार निघाला असता तर बरं झालं असतं. खरंच सांगते. आजाराला दोष देता आला असता.

घरी येऊन सगळं आठवत बसले. काय काय बोललो आम्ही तीन हिवाळे! माझ्या आईचा खोकला. माझं लग्न. झग्याला लेस लावायची की नाही. ती विचारायची, "मग पुढे काय झालं, स्टेफा?" माझ्या आजीचं नावसुद्धा विचारलं होतं तिने. आणि मी—

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

मी काहीही विसरलेले नाही. मी तिला तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं. कोरिन खाली दाराशी आलीय.