मधे काय झाले ते

मी, श्रीमती दमयंती कमळाकर घरत, वय बहात्तर (दाखल्यावर सत्तर, ती लबाडी माझ्या वडिलांची), धंदा पूर्वी नाझिया टॉकीजच्या कँटीनमध्ये खाणे विकणे व सध्या पलंगावर पडून सुनेला हुकूम सोडणे, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. मोडला तो खुबा. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी सासू, आणि ती वारून जमाना झाला.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. त्यात टॉकीजसमोरचा माझ्या नावचा गाळा मी माझी नणंद गोदूबाई, राहणार नेरे, हिला दिला होता. जिला उभ्या जन्मात मी लोणच्याची फोड दिली नाही, तिला पक्का गाळा दिला, यावरून माझा मुलगा प्रितम याच्यावर माझा राग किती होता ते वाचणाऱ्याने समजून घ्यावे. त्या गाळ्यात प्रितमचे दुकान आहे. गोदूबाईने त्याला दुसऱ्याच दिवशी सामानासकट रस्त्यावर काढले असते आणि मला तेच हवे होते. आता तो गाळा कोणाला, हे शेवटी लिहिते. आधी किरकोळ निपटते.

२. सुकापूरची राहती खोली आणि पतपेढीतली ठेव सून मनस्वी हिला. मोठी कढई, झारे आणि समोशाचा मसालाही तिलाच. मसाल्यात काय काय असते ते तिला माहीत आहे. प्रमाण मी चुकीचे सांगितले होते, ते आता बरोबर सांगितले आहे.

३. टॉकीज पाडले तेव्हा मालक अलीभाईंनी आठवण म्हणून मला दोन खुर्च्या दिल्या. पैकी चांगली खुर्ची मनस्वीची. जिची स्प्रिंग वर आली आहे ती आमच्या गल्लीतल्या प्राध्यापकांना द्यावी. त्यांनी गणपतीत भाषण केले होते, की पायरसी ही देशाच्या अर्थव्यवस्थेला लागलेली कीड आहे. मी पुढे बसून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ प्रितमच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन उभे. "मुलांना दाखवायचाय, अभ्यासाच्या दृष्टीने," म्हणाले. त्यांनी त्या खुर्चीवर जपून बसावे.

४. आता रागाचे कारण. माझा सगळा संसार मध्यंतरावर चालला. नवरा मिठागरावरून आजार घेऊन आला आणि गेला, त्यानंतर नाझिया टॉकीजच्या मध्यंतराने मला पोसले, प्रितमला शिकवले, गाळा घेऊन दिला. त्या गाळ्यात प्रितमने मोबाईलचे दुकान टाकले. मी नारळ फोडला. थोड्याच दिवसांत त्याने बाहेर पाटी लावली, "मेमरी कार्ड भरून मिळेल. आज लागलेला पिक्चर आज संध्याकाळी." पाटीचे तोंड टॉकीजकडे. म्हणजे मी इकडे तळणार आणि माझ्या समोर माझाच मुलगा माझे गिऱ्हाईक खिशात भरून घरी पाठवणार.

मी विचारले तर म्हणतो, "आये, मी काय कोनाचं घर फोडलंय? नेटवर हाय, लोकं मागतान, मी भरून देतंय. नेऱ्याच्या पोरांकडं तिकिटाला पैसं कुटं हाय? त्यांनी पिक्चर बगायचाच नाय का?"

मी म्हटले, "बगा की. पन फुकटच्या पिक्चरला मध्यंतर नसतं. मंग मी काय खाऊ?"

यावर मनस्वी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, तुमी तरी कवा तिकीट काडलंत?"

खरे होते. मी जन्मात एकही तिकीट काढले नाही, दाराशी उभी राहून सगळे फुकट पाहिले. पण सुनेला तोंडावर खरे बोलायची काय गरज होती? खोली तिला दिली आहे ती या तोंडामुळेच, हे तिने लक्षात ठेवावे.

५. मग मी तक्रार करायला चौकीत गेले. आमच्या तोंडात स आणि श यांचे फारसे वैर नाही. मी हवालदाराला सांगितले, "मुलाच्या दुकानात पायरशी चालते." त्याने लिहून घेतले, "दुकानाच्या पायरीशी वाद," आणि विचारले, पायरी रस्त्यात किती आली आहे? मी म्हटले, लई पुढं गेलीय, टॉकीज बसेल. पंधरवड्याने अतिक्रमणवाले आले आणि प्रितमच्या दुकानाची पायरी फोडून गेले. कार्ड भरणे चालूच. हवालदाराबद्दल माझी तक्रार नाही. त्याने तरी काहीतरी केले.

६. टॉकीज बंद झाले. डोअरकीपर, ऑपरेटर, सायकली सांभाळणारा, सगळे घरी बसले, मीही बसले. तेव्हापासून मी प्रितमशी बोलणे टाकले आणि गोदूबाईच्या नावे ते पहिले मृत्युपत्र केले. अलीभाई मात्र म्हणाले, "बाई, एकट्या प्रितमच्या माथी कशाला मारता? तौबा, निम्मी पब्लिक तर आपल्या ढेकणांनीच पळवली." हे मी मानत नाही. ढेकूण आधीपासून होते.

पुढे नेट स्वस्त झाले आणि जो तो आपल्या हातातल्या फोनवरच बघू लागला. कार्ड भरून घ्यायला कोण जाणार? ज्याने माझे गिऱ्हाईक नेले त्याचे गिऱ्हाईक टॉवरने नेले. मला इतके बरे वाटले की त्याचे रिकामे दुकान जवळून पाहायला मी मुद्दाम गेले. फोडलेल्या पायरीच्या जागी त्याने एक सुटा दगड ठेवला होता. माझा पाय त्यावर पडला, दगड एकीकडे, मी दुसरीकडे. माझ्या तक्रारीने माझाच खुबा मोडला. यावर कोणी हसू नये. मी हसले आहे, तेवढे पुरे.

७. मी हॉस्पिटलात असताना प्रितम खाली फाटकाशी बसून राही, वर येत नसे. मीही बोलावले नाही. एके दिवशी मनस्वी एक मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "त्यांनी दिलंय. बगा, नायतर टाकून द्या."

आतल्या कार्डात पिक्चर होते, पण अख्खे नव्हते. प्रत्येकाचा फक्त मधला तुकडा. कोणाला हे वेड वाटेल, म्हणून खुलासा करते. मध्यंतराच्या आधी मी तळत असे, मध्यंतरात विकत असे आणि नंतर पेले विसळत असे. त्यामुळे मी टॉकीजमधल्या सगळ्या पिक्चरांची सुरुवात पाहिली, शेवट पाहिला, मधले काही पाहिले नाही. हिरो गरीब असे, मी हात पुसून दाराशी येईपर्यंत त्याच्याकडे मोटार असे. भाऊ भावाचा जीव घ्यायला निघालेला दिसे, का ते कळत नसे. मी तर्काने चालवले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पण प्रितम लहानपणी कँटीनच्या फळीवर बसून अभ्यास करायचा आणि घरी जाताना मी त्याला विचारायची, "मदी काय झालं रं?" त्याचे डोके पुस्तकात असे, त्यालाही सांगता येत नसे. त्याने ते ध्यानात ठेवून एकेक पिक्चर नेटवरून उतरवला आणि माझा राहिलेला भाग कापून काढला.

चोरीचा माल होता. पाहिला. पाहिला तर पाहिला. भावाला बायकोने भरवले होते, हे मला त्या दिवशी समजले.

सदर कार्ड मी कोणाला देऊ शकत नाही. वकील म्हणतात, जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. ते पिक्चर काढणाऱ्यांचे आहे. ते बरोबर आहे. तरी मी गेल्यावर माझ्या उशीखालून ते कोणी काढून नेले, तर मला माहीत नाही.

८. त्यात एक पिक्चर नव्हता. जुना मराठी, देशावरच्या एका खेड्यातला. आमच्याकडे आला आणि आठवड्यात उतरला. त्यातली आई मध्यंतराआधी पोराची वाट बघत ओट्यावर बसलेली असते. मी पेले विसळून आले तर पोराचे लग्न चालू आणि आईचा पत्ता नाही. ती कुठे गेली, हे मला कायम खात होते. मी मनस्वीला म्हटले, तो नाही का? ती खाली जाऊन आली आणि म्हणाली, तो कोणी नेटवर टाकलाच नाही. चोरांनासुद्धा नको झालेला पिक्चर.

मग प्रितम वर आला. चार वर्षांनी माझ्याशी बोलायला. पलंगापाशी उभा राहिला, खुशालीही विचारली नाही. म्हणाला, "तो पिक्चर मी बगितलाय आये, फळीवरनं उतरून आत जाऊन. सांगू?"

मी म्हटले, "सांग."

"ती आई हाय ना, ती भावाकडं जाते. मोऱ्याला. लाँचीत बसते, पोरगा धक्क्यावर उबा असतो. ती हात करते, लांब जाईपर्यंत हात करते. मजेत असते तिकडं. लग्नाला यायला नाय जमत तिला, दर्या खवळलेला असतो."

देशावरच्या पिक्चरात आमच्या मोरा बंदराची लाँच कुठून शिरली, असे माझ्या मनात आले. पण तो इतके मन लावून सांगत होता की मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी माझे ऑपरेशन होते. मी शांत झोपले.

घरी आल्यावर अलीभाई भेटायला आले. मी सहज म्हटले, ती आई मोऱ्याला गेली होती म्हणे. ते म्हणाले, "कसलं मोरा? बाई, ती मरते. मध्यंतर संपलं की पहिलाच सीन. पब्लिक असली रडायची की शेवटच्या शोला तुमचे समोसे परत यायचे." समोसे परत यायचे, हे मला आठवले.

९. तरी टॉकीजसमोरचा गाळा, आतल्या सामानासह, मी माझा मुलगा प्रितम कमळाकर घरत यास देत आहे. गोदूबाईने हरकत घेऊ नये. प्रितमला चोरीची माफी दिलेली नाही. तो चुकला, टॉकीजचे वाईट झाले, हे माझे मत मेल्यावरही कायम राहील. गाळा दिला आहे तो खोटे बोलल्याबद्दल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या मुलाला माझ्यासमोर कोणाची आई मारवली नाही. तो माझा आहे आणि मला फार आवडतो. हे मी चार वर्षे बोलले नाही, म्हणून इथे शाईने लिहिते.

त्याची थाप मला कळली आहे, हे मी जिवंत असेपर्यंत अलीभाईंनी त्याला सांगू नये. हे वाचून होईल तेव्हा त्याने दुकान बंद ठेवून रडत बसू नये. गिऱ्हाईकाने विचारलेच, आई कुठे दिसत नाही, तर मी मोऱ्याला भावाकडे गेले आहे. मला भाऊ नाही, हे गिऱ्हाईकाला सांगायची गरज नाही.

या लेखाची अंमलबजावणी अलीभाईंनी करावी. या मृत्युपत्रावर मी स्वतः वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

दमयंती कमळाकर घरत
(सही)

बाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केल्या. मजकुराशी आम्ही सहमत असलोच पाहिजे असे नाही.

साक्षीदार
१. अली हुसेन तुंगेकर, राहणार पनवेल (सही)
२. शकू भगवान मढवी, शेजारीण, राहणार सुकापूर (सही)

ठिकाण : सुकापूर, ता. पनवेल
दिनांक : १९ नोव्हेंबर २०१८