एका हाकेवर उठायचं नाही

मंगळवार, १२ मे
कूलरची मोटर पुन्हा बसली. सु. म्हणते, "अहो, नवीन घेऊन टाका." मी म्हटलं, बघू. भांडण झालं नाही. या गरमीत भांडायचीही ताकद नाही.

कारखान्यात, आमच्या शॉपमध्ये आज माह्यावर हसणं झालं. मोबाइल वाजून राहिला होता, मी नेहमीसारखा तिसऱ्या घंटीची वाट पाहत. बाजूच्या मशीनवरचा साहू ओरडला, "भुरे जी को यमराज भी तीन बार बुलाएगा, तब उठेंगे!" फोरमनही हसला. मीही हसलो. यायले काय सांगू? शेतातली सवय आहे. भूत एकदाच बोलावते, माणूस पुन्हा पुन्हा बोलावते. मायनं शिकवलेलं. पन्नाशी उलटली, गाव सुटून जमाना झाला, तरी एका हाकेवर तोंडातून ओ निघत नाही.

गुरुवार, १४ मे
 

साहू वाचला.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मोठ्या मशीनखाली पंपाचं तळघर आहे, लोखंडी शिडीनं उतरावं लागते. साहू तेल पाहायले उतरला, कोणाले सांगून गेला नाही. वर ग्राइंडर चालू, क्रेनची घंटी चालू. मी गेज घेऊन वाकलेलो. अन् खालून आवाज आला, "भुरे".

एकच. पोकळ. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा.

मी गेलो. बस, गेलो. दुसरीची वाट पाहिली नाही, तिसरीची तर नाहीच. साहू शिडीखाली पालथा पडलेला, तोंड तेलकट पाण्यात. उलटा केला, मांडीवर घेतला, गळा फाटेस्तोवर ओरडलो तेव्हा वरचे धावले. डॉक्टर म्हणे, थोडी देर और होती तो गया था.

फोरमननं सगळ्यांसमोर गळ्याशी लावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण आज पहिल्यांदा वाटलं, भाकर हलाल झाली. खरं सांगतो, छाती भरून आली होती.

घरी येताना हुडको कॉलनीच्या चौकात गाडी उभी केली. भजे बांधून घेतले, खाल्ले नाही.

माय लसूण सोलत बसली होती. तिले सगळं सांगितलं. सु.नं तर डोळे पुसले. मायनं शाबास म्हटलं नाही. विचारलं, "किती हाका मारल्या त्यानं?"

मी म्हणालो, "तीन."

"मग ठीक," म्हणाली अन् पुढची पाकळी घेतली.

शुक्रवार, १५ मे
आज सुट्टी दिली साहेबांनी. नको होती. घरात बसलो की ते शेत येते.

कापणीचे दिवस. तेव्हा आम्ही शेतातल्या खोपडीतच राहायचो. बांधीत कापलेल्या धानाचे पेंढे, पायाले टोचणारी धसकटं, बोडीच्या पाण्यावरून येणारी गार हवा. माय चुलीवर भात रांधायची. मी धुऱ्यावरच्या शेंगा तोडून विस्तवात भाजायचो. बाबा बैलांशी बोलत बोलत विहिरीवर जायचे, त्यायले पाणी दाखवायले. तेवढं सुख मले नंतर कुठं मिळालं नाही. हाच तर त्रास आहे. वाईट असते ते दिवस, तर आठवले नसते.

दिवस बुडताना हाक आली. "मनूऽ".

बाबांचीच. पण पोकळ. मी उठलो तर मायनं मनगट धरलं. "एका हाकेवर उठायचं नाही. या वेळी चकवा फिरते. तीन होऊ दे."

थांबलो. ती भाताजवळ, मी तिच्याजवळ. माह्या कानावर दुसरी आलीच नाही. ती म्हणाली, पाहिलं, चकवाच होता.

मग बैल एकटेच वापस आले.

विहिरीले कठडा नव्हता. सकाळी दोरानं बाज खाली सोडून काढलं त्यायले. डोक्याले दगड लागला होता.

पुढं मामानं आमाले भिलाईले आणलं. शाळा, आयटीआय, नोकरी, सगळं इथंच. त्या हाकेबद्दल माय एक शब्द बोलली नाही, मीही नाही. तिले वाटत असेल, पोरगं लहान होतं, विसरलं. मी तिले तसंच वाटू दिलं.

साहूनं एकच हाक मारली अन् एका हाकेवर गेलं तर माणूस वाचते, हे तिले कळलं तर? एवढ्या म्हातारपणी तिले हे काहून दाखवू? म्हणून तीन म्हणालो. अजूनही तीनच म्हणेन.

रविवार, १७ मे
साहूले फोन लावायचा होता. मायसमोर हाकेची गोष्ट काढू नको, एवढंच सांगायचं होतं. तो विचारेल, क्यों? मग काय सांगू. नाही लावला.

पोरगी विचारते, "पापा, आपको अवॉर्ड मिलेगा क्या?" तिले म्हटलं, घरात तरी मराठीत बोल, बाई.

मंगळवार, १९ मे
ड्यूटीवर गेलो. तळघराचं झाकण बंद होतं. दिवसभर तिकडं पाठ करून काम केलं, तरी कान तिकडंच. दोनदा जाऊन झाकण उघडून पाहिलं. कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा पाहताना फोरमननं पाहिलं.

बुधवार, २० मे
संध्याकाळी साहू आला बायकोले घेऊन. डोक्याले पट्टी. नारळ अन् घरची गोड खुर्मी. मायच्या पाया पडला. मी त्याले बाहेर अंगणात न्यायले पाहत होतो, तर तो खालीच बसला तिच्या पायाशी.

"माँजी, एक ही आवाज निकली मेरी. दूसरी में तो मुँह में पानी भर गया. और ये तीन घंटी वाला आदमी एक में आ गया!"

सगळे हसले. सु.ही हसली, तिले काय माहीत. मी मायकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

माय त्याच्या पट्टीवरून हात फिरवत होती. "जुग जुग जी, बेटा," म्हणाली. मग उठून आत गेली. रात्री जेवली नाही. पोट भरलं आहे म्हणे.

गुरुवार, २१ मे
सकाळी तांदूळ निवडत होती. मी जोडे घालत होतो.

"मनू, तू खोटं बोलला."

"हो."

"मले जपून राहिला?"

मी नाडी बांधायले घेतली.

मान वर न करता म्हणाली, "तवा शेतात दोन हाका झाल्या होत्या. दुसरी तू नाही ऐकली. बारीक होती. मी ऐकली. तिसरीची वाट पाहून राहिली होती मी."

सूप घेऊन आत गेली. मी जोड्याची नाडी तशीच धरून बसलो. ड्यूटीले उशीर झाला.

शनिवार, २३ मे
दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. मी तिच्या बाजूलेच होतो. माहे कान तेव्हाचे, पोराचे कान. तिले आली अन् मले नाही आली, असं होते का? खरी असेल तर ती इतकी वर्षं एकटी ते घेऊन जगली. अन् नसेल, तर मनगट सोडवून मी काहून नाही गेलो, हे माह्या मनात राहू नये म्हणून आता सगळं स्वतःवर घेऊन राहिली. दोन्ही सहन होत नाही. विचारू शकत नाही.

तिची हाक बदलली. आधी चहा झाला की "मनू, ए मनू, ये रे मनू", तीन झाल्याशिवाय मी हलायचो नाही, तिलेही माहीत. आता एकदाच हाक मारते अन् गप्प होते.

लगेच गेलो तर तिले वाटेल, पोरगा दाखवून राहिला की असं जायचं असते. नाही गेलो तर पुन्हा तेच.

आताही मारली. "मनू". मी पेन धरून बसलो आहे. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजही नाही.