मागच्या दारासमोरच्या गोण्या

शेफील्ड, मंगळवार

प्रिय बाबा,

गुडघा आता जिना चढू देतो का? आईच्या वाटाण्याला शेंगा धरल्या का? मी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

आमच्या दवाखान्यातली थोरली डॉक्टर हेस्टर वारली, त्याला महिना झाला. आपण किती थकलोय हे तिने शेवटपर्यंत आम्हाला कळू दिलं नाही. जनावरांचा हा दवाखाना आता एका मोठ्या कंपनीचा आहे. तिच्याकडे यायची ती जनावरंही मीच तपासते, प्रत्येकाला दहा मिनिटं.

ज्यांच्या जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागे, त्यांना हेस्टर मागच्या दाराने सोडायची. रिकामा पट्टा हातात घेऊन सगळ्यांसमोरून जावं लागू नये म्हणून. कंपनीने त्या दारासमोर विक्रीच्या खाद्याच्या गोण्या रचल्या आहेत.

आज म्हातारे ओल्डरॉइड त्यांच्या आजारी कुत्रीला घेऊन आले होते. तिला झोपवून झाल्यावर म्हणाले, "पोरी, पुढून नको. बाहेर शेजारीण मांजर घेऊन बसलीय. ती माझी कीव करेल, ते मला झेपायचं नाही."

मी गोण्या ओढू लागले. तेवढ्यात मॅनेजर डीन आला. "पुढचे लोक खोळंबलेत. हमाली करायला ठेवलंय का तुला?"

"मग तू एक टोक धर," ओल्डरॉइड म्हणाले.

त्याने धरलं नाही. आम्ही दोघांनीच दार मोकळं केलं.

उद्या मला वरच्या ऑफिसात बोलावलंय. आईला आत्ताच सांगू नका. नोकरी सोडून आले, तर माझी खोली रिकामी आहे ना? हेस्टरने असा आधार कोणाकडेच मागितला नाही, म्हणून मी विचारते आहे.

दोघांना खूप प्रेम.

तुमची
रोवेना