मठारलेली घागर, तापवलेली चकती

आबा, तुम्ही विसराळू ते विसराळूच. जाताना चष्मा इथंच ठेवून गेलात, आता हे वाचणार कशानं? मला तर अक्षरओळख न्हाई. लातुरात बसून मी सांगते आन् सून उतरवून घेती.

तुमची पणती, ह्याच सुनेची पोर, नांदेडला विद्यापीठात शिकती. तिच्याकडं नखाएवढी चकती होती, वर गार्नेट म्हणतात त्या चुंबकी खड्याचा पातळ थर. त्याच्यावर यंत्रातून भारलेल्या कणांचा मारा करतात. कण आत घुसले की वरचा थर फुगायला बघतो, पण खालचा तळ त्याला पसरू देत न्हाई. मग तो आवळून बसतो, आन् उभं असलेलं चुंबकपण तेवढ्या थरात आडवं पडतं. मी म्हणलं, "अगं, हे तर आबांचं मठारकाम! ठोक्यानं तांबं कडक होतं." ती म्हणली, "हाव आज्जी, आन् भट्टीत घातलं की ताण सुटतो. जरासंच तापवायचं, म्हणजे बसतं नीट. मी घाईत लई तापवलं. मारा केलाच नव्हता, असं झालं." मारा परगावी करून आणलेला, चकती एकच. आता सर तिच्या मैत्रिणीवर खवळलेत, कारण भट्टीच्या वहीत त्या दिवशी मैत्रिणीचं नाव. आन् ही गप्प बसून राहिली. खरं सांग म्हणलं, तर फोनवर म्हणती, "तुला सांगायला काय जातंय?"

तेव्हापासून माझ्या पोरवयातला एक दिवस डोळ्यांपुढनं हलत न्हाई, आबा. कंधारच्या आपल्या दुकानात मी उभी हाय. गिऱ्हाईकाच्या घरच्या लग्नाची घागर तुम्ही मठारून ठेवलीय, तिच्यावर एक डाग दिसतोय. मठारल्यावर आग दाखवायची न्हाई, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. तरी मी डाग जाळायला ती भट्टीत धरते, मग चिंचेनं घासून लख्ख करते. तांबं आतून मऊ पडलेलं. पहिल्याच पाण्याला तिला पोचा आला, गिऱ्हाईकानं भर बाजारात ती तुमच्या पुढ्यात आपटली. त्यानंच तापवली समजून तुम्ही माझ्या थोरल्या भावाला हाणलं. त्यानं परत हातोडा धरला न्हाई. मी आत चहा गाळत होते.

घागर मी तापवली, आबा. भाऊ बी गेला, त्याला सांगायचं राहूनच गेलं.

सून लिहायची थांबलीय. बघतीस काय गं, लिही. हा कागद माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेव, कुठं धाडायचा न्हाई. धाडायचा तो डबा, सकाळच्या एसटीनं नांदेडला: ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही वेगळं. वर नाव मैत्रिणीचं घाल. आन् नेऊन द्यायला तुझ्या पोरीलाच सांग.